ड्यूटीची पहिली गाडी: सांगली, मिरज, कुपवाडच्या नवख्यांसाठी

आमच्या कंपनीच्या शॉपमध्ये दरवर्षी आयटीआय करून नवी पोरं येतात. पहिले दोन-तीन महिने वडापनं, एसटीनं नाहीतर कुणाच्या तरी मागं बसून येतात. मग एखाद्या दिवशी लेट मार्क पडतो, सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री कुपवाड फाट्यावर तासभर ताटकळावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता कुणीतरी विचारतं, "दादा, रविवारी मोकळं हाय का? एक गाडी बघायची होती."

अशा दहा-बारा गाड्या आजवर बघून दिल्या असतील. मी मेकॅनिक नाही, सीएनसी मशीनवर काम करतो. पण स्वतःची पहिली गाडी घेताना चांगलाच फसलो होतो, आणि तेव्हापासून गाडी बघायला गेलो की आपोआप वाकून बघतो. दर वेळी तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

इथं गाडी म्हणजे कामावर जाण्यायेण्याची १०० ते १२५ सीसीची मोटरसायकल. मिरवायची गाडी घ्यायची असेल तर माझा सल्ला उपयोगाचा नाही.

१. आधी स्वतःचे किलोमीटर मोजा

गाडी कुठली घ्यायची हे मित्र सांगतात, रील सांगतात, शोरूमवाला तर सांगतोच. तुम्ही रोज किती किलोमीटर जाता हे मात्र त्यांच्यापैकी कुणीच विचारत नाही.

माझं उदाहरण घ्या. मी कवलापुरात राहतो. घर ते कंपनी, जाऊन-येऊन २२ किलोमीटर. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५७२ किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये धरू. साठचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी असेल तर महिन्याला साडेनऊ लिटर, म्हणजे हजार रुपये. चाळीस देणारी असेल तर सव्वाचौदा लिटर, म्हणजे दीड हजार. महिन्याला पाचशेचा फरक, वर्षाला सहा हजार. त्यात दोन्ही टायर, चेनसेट आणि वर्षभराचं ऑइल येतं.

तासगावहून येणाऱ्याला हा हिशोब दुपटीहून जास्त लागू पडतो. उलट विश्रामबागेतून कुपवाडला किंवा मिरजेच्या दवाखान्यात कामाला जाणाऱ्याचे रोजचे दहा-बारा किलोमीटर होतात. त्याला अ‍ॅव्हरेजचा फार बाऊ करायचं कारण नाही. त्यानं जुनी, स्वस्त, धडधाकट गाडी बघावी किंवा सरळ स्कूटर घ्यावी.

स्कूटरबद्दल एकच सांगतो. तिची चाकं १०-१२ इंचांची, मोटरसायकलची १७-१८ इंचांची. गावाकडच्या रस्त्यावर पावसाळ्यात, रात्री साडेअकराला, पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात चाक गेलं की हा फरक मनगटाला कळतो.

२. लायसन्स आधी, गाडी मागनं

लर्निंग लायसन्स काढल्यावर ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते, आणि लर्निंग सहा महिने चालतं. म्हणजे आज अर्ज केला तरी गाडी शोधायला तुमच्याकडं महिना-दीड महिना हातात आहेच. तेवढ्या वेळात घाई न करता चार गाड्या बघून होतात.

यातला सापळा असा की टेस्टला सोपी जाते म्हणून पोरं स्कूटर नेतात, आणि लायसन्स बिनगिअरच्या गाडीचं होतं. मोटरसायकल घ्यायची असेल तर अर्ज करतानाच गिअरच्या मोटरसायकलचा वर्ग निवडा. त्यावर स्कूटरही चालते. उलटं चालत नाही. बिनलायसन्स सापडलात तर ५,००० रुपये दंड आहे. आणि अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी लायसन्स मागते.

३. खिशात किती, आणि हप्ता नेमका किती

नवख्यांचा हिशोब "डाउन पेमेंट किती आणि हप्ता किती" एवढ्यावरच थांबतो. व्याजाचा दर विचारला तर समोरचा सांगतो, "फक्त दहा टक्के." हे दहा टक्के बहुतेक वेळा फ्लॅट असतात. म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवरच लागतं.

७०,००० रुपये कर्ज, तीन वर्षं, दहा टक्के फ्लॅट. व्याज २१,००० रुपये. एकूण ९१,००० भागिले ३६, म्हणजे हप्ता २,५२८ रुपये. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर वर्षाला जवळजवळ १८ टक्के पडतो. बँकेचा बारा-तेरा टक्क्यांचा दर ऐकून तुम्ही तिथून उठलात आणि "दहा टक्के"वाल्याकडं गेलात, तर महागडं कर्ज स्वस्त समजून घेतलं. म्हणून प्रश्न एकच विचारायचा: "फ्लॅट का रिड्यूसिंग?" आणि उत्तर कागदावर लिहून घ्यायचं. कंपनीत कामगारांची पतसंस्था असेल तर आधी तिथं चौकशी करा.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या उतरल्या, पण जुनी विकणारा अजून स्वतःच्या खरेदीचाच आकडा डोक्यात धरून बसलेला असतो. दोन वर्षं वापरलेल्या गाडीला कुणी नवीपेक्षा आठ-दहा हजारच कमी सांगत असेल तर हात जोडून परत या. तेवढ्यात नवी घ्या.

४. कुठली गाडी

या प्रश्नावर आमच्या कँटीनमध्ये भांडणं होतात. मी माझं मत सांगतो.

पहिली गाडी १०० ते ११० सीसीची घ्या. स्प्लेंडर आणि एचएफ डिलक्स ९७.२ सीसीच्या, प्लॅटिना १०२ ची, टीव्हीएस स्पोर्ट आणि रेडिऑन १०९.७ च्या, २०२३ साली आलेली शाइन १०० ही ९८.९८ सीसीची. यातल्या कुठल्याही एकीनं तुमची ड्यूटी होते. कुठली निवडायची याचं माझं माप साधं आहे: तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जो मेकॅनिक आहे, तो कुठली गाडी डोळे झाकून उघडतो? ती घ्या. गावातल्या गॅरेजात जिचा क्लच केबल खिळ्याला टांगलेला असतो, ती गाडी सकाळी सहाला बंद पडली तरी तुम्ही फर्स्ट शिफ्ट गाठता.

रोज डबल सीट जाणार असाल, भाऊ किंवा बायको बरोबर असेल, किंवा पल्ला चाळीस किलोमीटरच्या वर असेल, तर १२५ सीसी. १५० च्या पुढं पहिल्या पगारावर नको. मागच्या वर्षी एका पोरानं माझं न ऐकता घेतली. हप्ता आणि पेट्रोल मिळून पगाराचा तिसरा हिस्सा जायला लागला. आता ती गाडी रविवारी निघते, आणि पोरगा सोमवारी वडापनं येतो.

वर्ष बघताना दोन तारखा लक्षात ठेवा. एप्रिल २०१९ पासूनच्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस असतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचा नवा नियम आला. त्यापुढच्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या. सकाळी थंडीत चोक ओढत बसावं लागत नाही, पण बॅटरी पूर्ण बसली की नुसत्या किकवर काम भागेलच असं नाही, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला ती उघडता येत नाही. त्याआधीची, बीएस-४ ची, कार्बोरेटरची गाडी दुरुस्तीला सोपी. माझ्या मते ३० हजारांच्या आत बजेट असेल तर नीट ठेवलेली बीएस-४, वर असेल तर बीएस-६.

सीएनजीची बजाज फ्रीडम जुलै २०२४ मध्ये आली. तिच्यात २ किलो सीएनजी आणि २ लिटर पेट्रोल मावतं. तुमच्या रोजच्या वाटेवर सीएनजी पंप असेल आणि तिथं रांग नसेल तरच विचार करा. ड्यूटी गाठायच्या वेळी रिक्षांच्या मागं उभं राहणं परवडत नाही.

५. जुनी गाडी बघताना: पुराचं पाणी

पुण्या-मुंबईच्या माणसाला हा मुद्दा कदाचित सुचणार नाही. सांगलीत तो पहिला.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर, सांगलीवाडी, कर्नाळ रोड या भागांत किती गाड्या दोन-चार दिवस पाण्याखाली राहिल्या असतील याची कल्पना करा. त्यातल्या बऱ्याच धुऊन, पॉलिश मारून पुन्हा विकल्या गेल्या. आरसीवर "पुरात बुडाली होती" असं कुठं लिहिलेलं नसतं.

माझी पहिली गाडी त्यातलीच निघाली. २०२१ च्या दिवाळीनंतर घेतली, ३२ हजारांना. काळी, चकाचक, सीटकव्हर नवं कोरं. उन्हाळाभर एकदाही त्रास दिला नाही. जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि कुपवाडच्या लक्ष्मी मंदिरापाशी हॉर्न आपला आपणच वाजायला लागला. मी बटण दाबलेलं नाही, लोक वळून बघतायत, हेडलाइट गेलेला. ढकलत गॅरेजला नेली. मेकॅनिकनं हेडलाइटचा डबा उघडून माझ्यासमोर धरला. आत करड्या गाळाचा थर, वाळून त्याला भेगा पडलेल्या, आणि त्या गाळात रुतलेली गवताची एक काडी. म्हणाला, "नदी आत घेऊन फिरतोयस की." सगळं वायरिंग, स्पीडोमीटर, दोन्ही चाकांचे बेअरिंग, कोन सेट. साडेनऊ हजार गेले, तरी ती गाडी पुढं पावसात कधी धड चालली नाही.

म्हणून आता कुठलीही गाडी बघायला गेलो की आधी हे करतो:

- सीट काढायला लावतो. बॅटरीच्या खोक्याच्या कोपऱ्यात आणि एअर फिल्टरच्या डब्यात बोट फिरवतो. धूळ बोटाला भुरभुरीत लागते. गाळ चिकटून राहतो, नखानं खरवडावा लागतो.
- वायरिंगचं एखादं कनेक्टर ओढून सोडवतो. तांब्यावर हिरवट थर असेल तर पाणी आत गेलंय.
- स्पीडोमीटरच्या काचेला आतून डाग किंवा बाष्प आहे का बघतो.
- सीट उलटी करून फोमला नाक लावतो. लोक हसतात. हसू दे. कुबट वास कुठल्याही अत्तरानं जात नाही.
- ऑइलची कांडी काढून बघतो. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर पुढचं काही बघायचंच नाही.

आणि विकणाऱ्याला सरळ विचारा, "एकोणीसला, एकवीसला गाडी कुठं होती?" खरं सांगणारा माणूस लगेच सांगतो, "पुलावर नेऊन लावली होती," किंवा "मिरजेला पाहुण्यांच्यात ठेवली होती." तो महापूर ज्यानं बघितला त्याला आपली गाडी कुठं होती हे आठवतंच. जो आठवायला लागतो, त्याच्याकडून घेऊ नका.

६. चालवून बघा, पण थंड गाडी

विकणाऱ्याला फोनवर सांगून ठेवा, "मी येईपर्यंत चालू करू नका." पोहोचल्यावर इंजिनला हात लावा. गरम लागलं तर समजा की थंडीत चालू होताना काहीतरी खोड काढते. चहा प्या, अर्धा तास जाऊ द्या, मग स्वतः किक मारा.

चालू झाल्यावर सायलेन्सरकडं बघा. निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंग-पिस्टनचं काम. इंजिनच्या डोक्यातून खडखड येत असेल तर टायमिंग चेन. गिअर एकेक करून वर न्या, खाली आणा. मोकळ्या रस्त्यावर हँडल सैल धरा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. मग मित्राला चालवायला लावून तुम्ही मागनं दुसऱ्या गाडीवर चला आणि दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का पाहा. नसतील तर गाडी कुठंतरी जोरात आपटली आहे.

मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका, ते मागं फिरवता येतात. फुटरेस्टचं रबर, गिअरच्या पायदांडीचं टोक, किकचं रबर बघा. मीटर १८ हजार दाखवतोय आणि पायदांडीचं टोक घासून चांदीसारखं चमकतंय, तर मीटर खोटा. टायर गोटा झाला असेल, चेन सैल लोंबत असेल, तर ते भांडण करायचे मुद्दे नाहीत, भाव पाडायचे आहेत. दोन टायर आणि चेनसेटचे पैसे सरळ वजा करायला सांगा.

मेकॅनिक बरोबर न्या. तो तुमचा असावा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. शंभर फुटी रोडवर गॅरेजं आहेत, कुणालाही दोन-तीनशे रुपये देऊन गाडी बघून घ्या. आजवर या दोन-तीनशेइतके कामाला आलेले पैसे मी दुसरे बघितले नाहीत.

७. कागद बघा, मग भाव करा

गाडी पसंत पडली की नंबर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाका. कितवा मालक, नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि बोजा, सगळं दिसतं. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते ती त्यामुळंच. लगेच पुन्हा पासिंगचा खर्च तुमच्या गळ्यात.

बोजा म्हणजे कर्ज देणाऱ्याचं नाव आरसीवर चढलेलं. "हप्ते सगळे भरलेत, फक्त नाव काढायचं राहिलंय," हे वाक्य ऐकलं की पाकीट खिशात ठेवा. माझ्या मावसभावानं असंच वाक्य ऐकून गाडी घेतली. टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी नावावर करायच्या अर्जावर, सह्या मिळाल्या, चावी मिळाली, पोरगं खूश. पाच महिन्यांनी वसुलीची माणसं कंपनीच्या गेटवर येऊन गाडी घेऊन गेली. मूळ मालकानं चार हप्ते थकवले होते. भावाकडं कोऱ्या तारखेचे टीटी फॉर्म तेवढे राहिले. आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात, मग पैसे. नाहीतर पैसे थेट कर्जाच्या खात्यात भरा आणि पावती तुमच्याकडं ठेवा.

थकलेली ई-चलानं वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक साइटवर नंबर टाकून बघा. दोन-अडीच हजारांची चलानं निघणं ही आता रोजची गोष्ट. ती विकणाऱ्यानं आधी भरायची.

१ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवलेली आहे का बघा. दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये लागतात. रक्कम किरकोळ आहे, पण ही प्लेट नसली की आरटीओतली पुढची कामं अडतात.

मिरजेच्या पलीकडं कागवाड, अथणीकडून केए २३ सारख्या कर्नाटक पासिंगच्या गाड्या इकडं स्वस्तात येतात. स्वस्त का ते समजून घ्या. परराज्यातली गाडी इथं कायम वापरायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणावी लागते, इथं रोड टॅक्स भरून नवा नंबर घ्यावा लागतो. तो खर्च आणि त्या चकरा धरल्या की एमएच १० ची गाडी स्वस्त पडते.

शेवटचं, चेसिस नंबर. आरसीवरचा आणि गाडीवरचा अंक न् अंक जुळवून बघा. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की छाप उठतो. ट्रान्सफरला तो लागतोच, तेव्हा तिथल्या तिथं घेऊन टाका. अंक खरवडलेले किंवा पुन्हा ठोकलेले दिसले तर गोड बोलून तिथून निघा.

८. इसार, पावती, ट्रान्सफर

इसार हजार-दोन हजारांच्या वर देऊ नका, आणि तोसुद्धा यूपीआयनं. व्यवहाराच्या दिवशी साध्या कागदावर का होईना, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह पावती करा. त्यात तारखेबरोबर वेळही लिहा. "दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गाडी ताब्यात घेतली." हे हास्यास्पद वाटतं, पण त्याच दिवशी सकाळी कुठल्यातरी चौकातल्या कॅमेऱ्यानं काढलेलं चलान आठवड्यानं येतं, तेव्हा ही वेळ कामाला येते.

ट्रान्सफरसाठी, म्हणजे गाडी तुमच्या नावावर करायला, लागणारे कागद:

- मूळ आरसी
- फॉर्म २९ दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांचे (यालाच टीटी फॉर्म म्हणतात)
- चालू विमा आणि चालू पीयूसी
- तुमचा पत्त्याचा पुरावा, फोटो, पॅन (नसेल तर फॉर्म ६०)
- विकणाऱ्याच्या आधारची प्रत
- चेसिस नंबरचा छाप
- बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्याची एनओसी
- मूळ मालक वारला असेल तर फॉर्म ३१ आणि वारसाचे कागद

अर्ज परिवहनच्या साइटवर भरायचा. ओटीपी विकणाऱ्याच्या मोबाइलवर जातात. इथंच निम्मे लोक अडकतात. पैसे मिळाले की विकणारा फोन उचलत नाही, किंवा आरसीला जोडलेला नंबर केव्हाच बंद झालेला असतो. त्यामुळं उरलेली रक्कम देण्याआधी दोघांनी एका जागी बसून अर्ज पूर्ण भरा. चहा तुमच्याकडून.

घेणाऱ्यानं ३० दिवसांत ट्रान्सफरचा अर्ज करायचा असतो आणि विमा १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा असतो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्या नावावर राहतो. ट्रान्सफरची सरकारी फी काही शेकड्यांची आहे. एजंटला द्यायचे असतील तर द्या, चकरा वाचतात, पण त्यानं सांगितलेल्या आकड्यात फी किती आणि त्याची मजुरी किती हे वेगवेगळं विचारा.

"करू की नंतर, ओळखीचाच माणूस आहे," असं म्हणणारे दोन्ही बाजूंनी असतात. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक. म्हणजे उद्या काही झालं तर तुम्ही चालवत होता आणि समन्स त्या ओळखीच्या माणसाच्या घरी गेलं. ओळख तिथंच संपते.

९. नवीच घेणार असाल तर

कोटेशन लेखी घ्या आणि एकेक ओळ वाचा. एक्स-शोरूम, रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा, एवढंच टाळता येत नाही. हँडलिंग चार्जेस, कोटिंग, अ‍ॅक्सेसरीजचा किट, जादा वॉरंटी यांना "नको" म्हणता येतं. विमाही शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचं कोटेशन दाखवलं की आतला आकडा खाली येतो. हेल्मेट गाडीबरोबर द्यायचा नियम आहे, मागितल्याशिवाय बऱ्याचदा मिळत नाही. साडीगार्ड काढून टाकू नका.

विम्यात एक मोठा गैरसमज आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) विमा एकदमच घ्यावा लागतो. ७५ ते १५० सीसीला त्याचा हप्ता जून २०२२ पासून ३,८५१ रुपये आहे. विम्याच्या कागदावर पाच वर्षं दिसतात म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी याचं संरक्षण बहुधा पहिल्या वर्षापुरतंच असतं. दुसऱ्या वर्षी ते वेगळं भरावं लागतं. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी हे विसरायचंच नाही, कारण पुराचं नुकसान या दुसऱ्या विम्यात येतं, थर्ड पार्टीत नाही.

१०. गाडी घरी आल्यावर

नारळ फोडून झाला, पेढे वाटून झाले की जुन्या गाडीचं ऑइल, प्लग, एअर फिल्टर आणि ब्रेक लायनर पहिल्याच आठवड्यात बदलून घ्या, विकणारा काहीही म्हणू दे. हवा पंपावरच्या पोराच्या अंदाजानं नको, चेनकव्हरवर आकडा लिहिलेला असतो तितकी. हेल्मेट आयएसआयचं, हनुवटीचा पट्टा लावून.

ऊसतोडीच्या हंगामात, दिवाळीनंतर उन्हाळा लागेपर्यंत, तासगाव रोडला आणि मिरज-कुपवाडच्या वाटेला ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असतात. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं झाकलेला. समोरून ट्रकचा अपर, म्हणजे डोळ्यांवर येणारा प्रखर दिवा, आला की पुढची ट्रॉली दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. सेकंड शिफ्टवाल्यांनी चाळीसच्या वर जायचं नाही आणि हेडलाइटची काच रोज निघताना पुसायची. मी सीटखाली जुन्या बनियनचं एक फडकं कायम ठेवतो. तेवढं फडकं मावेल एवढी जागा त्या बॅटरीशेजारी प्रत्येक गाडीत असते.